चौथ्या पिढीचा आय५ आणि मेल्टडाउनचे पॅच: काही महिने गेमिंग केल्यावर

सांगली-मिरजेत ऑफिसांतून निघालेले इंटेल आय५-४५९० (चौथ्या पिढीचा प्रोसेसर) चे जुने पीसी स्वस्तात मिळतात. त्यात जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड टाकलं (७५ वॉटचं, वेगळी पॉवर केबल न लागणारं) की १०८०पीवर गेमिंग जमतं. मग मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा त्रुटींवरच्या पॅचबद्दल कुणीतरी सांगतंच, "पॅच बंद करा, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढेल." विंडोज १० वर दोन्ही प्रकारे वापरून झालं. पॅच चालूच ठेवा.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन उघड झाल्यावर आलेल्या पॅचने कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) मेमरी प्रोग्रामपासून तोडली. आता कर्नलकडे जाता-येताना पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांची यादी) बदलावं लागतं. गेमचा बराचसा वेळ स्वतःच्या कोडमध्ये जातो, म्हणून सरासरी एफपीएस जवळपास तेवढाच राहतो. फटका बसतो फाइल वाचताना, नेटवर्कवर, ड्रायव्हरला हाक मारताना. त्यामुळे फरक दिसलाच तर लोडिंगमध्ये आणि १ टक्का लो मध्ये (सर्वांत हळू १ टक्का फ्रेमच्या वेगात) दिसतो. हॅसवेलमध्ये, म्हणजे या चौथ्या पिढीत, पीसीआयडी (पत्त्यांच्या नोंदी कुणाच्या हे ओळखण्याची सोय) आहे, त्यामुळे विंडोज १० ला दर वेळी टीएलबी (प्रोसेसरमधला त्या नोंदींचा साठा) पुसावा लागत नाही. विंडोज ७ ला ही सोय नाही. स्पेक्टरचा पहिला उपाय जुन्या चिपवर जड होता, पण मार्च २०१९ पासून विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत रेटपोलिन हा हलका उपाय आला. २०१८ चे व्हिडिओ बघून आज ठरवू नका.

तपासायचं असेल तर गिब्सन रिसर्चचं इनस्पेक्टर (InSpectre) हे छोटं सॉफ्टवेअर अ‍ॅडमिन म्हणून उघडा, मेल्टडाउन व स्पेक्टरचं संरक्षण बंद करा, रीस्टार्ट करा. संरक्षण बंद करण्याआधी आणि नंतर जीटीए ५ चा बेंचमार्क ७२०पीवर, व्हीसिंक (फ्रेमना स्क्रीनच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद ठेवून तीनदा चालवा आणि कॅपफ्रेमएक्स या सॉफ्टवेअरने फ्रेमटाइम (प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ) नोंदवा. १०८०पी हायवर कार्डच ९५ टक्क्यांपुढे भरतं, तिथे प्रोसेसरचा फरक दिसणार कुठून?

झटक्यांचा दोष बहुतेकदा दुसरीकडेच असतो. रॅमची ८ जीबीची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी डीडीआर३-१६०० जोडून ड्युअल चॅनल करा. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये वाळलेली थर्मल पेस्ट आणि धुळीने भरलेला कूलर प्रोसेसरला १०० अंशांकडे नेतात, मग तो आपणहून वेग उतरवतो; चाचणीवेळी तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. विंडोजच्या कोअर आयसोलेशन सेटिंगमधली मेमरी इंटेग्रिटीही (कर्नलमध्ये चालणारा कोड तपासणारी सोय) बघा. सातव्या पिढीआधीच्या इंटेलमध्ये त्यासाठी लागणारी हार्डवेअर सोय नाही, म्हणून तिचा भार जास्त पडतो. हा वेगळा पर्याय आहे, मेल्टडाउनचा पॅच नव्हे.

तरीही पॅच बंदच करायचे असतील तर गेमसाठी वेगळा एसएसडी, वेगळी विंडोज. स्पेक्टरचा हल्ला ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमधूनही होऊ शकतो, तेव्हा नेटबँकिंग त्या विंडोजवर नको.