अळंबी टिपायची, तर मॅक्रो लेन्स घ्यावी की एक्स्टेन्शन ट्यूब?

पाऊस स्थिरावला की नाशिकहून अंजनेरी, त्र्यंबकेश्वर किंवा इगतपुरीच्या रानात अळंबी टिपायला निघणाऱ्या हौशी छायाचित्रकाराला एक निर्णय घ्यावा लागतो: हाताशी असलेल्या ५० मिमी लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब जोडायची, की बराच जास्त खर्च करून १०० मिमीची मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून मोठे चित्र टिपणारी खास लेन्स, घ्यायची?

ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ कडी; तिच्यामुळे लेन्स अधिक जवळून फोकस करते आणि विषय मोठा दिसतो. ५० मिमी लेन्सला ३६ मिमीची ट्यूब लावली, तर एपीएस-सी सेन्सरच्या (अनेक हौशी कॅमेऱ्यांतल्या, सुमारे २४ मिमी रुंद सेन्सरच्या) चौकटीत सुमारे पावणेतीन सेंटीमीटर रुंदीचा भाग मावतो. १२ मिमीची लावली, तर सुमारे सहा सेंटीमीटरचा. कुजक्या ओंडक्यावर उगवणाऱ्या स्किझोफायलम या अळंबीची पंख्यासारखी छत्री बहुधा एक ते चार सेंटीमीटरची असल्याने तिला एवढे पुरते. मॅक्रो लेन्स एकास एक प्रमाण देते, म्हणजे विषय सेन्सरवर प्रत्यक्षाएवढाच उमटतो आणि त्याच चौकटीत जेमतेम अडीच सेंटीमीटरचा भाग मावतो. हा फरक मला फारसा मोठा वाटत नाही.

खरा फरक अंतराचा आहे. मॅक्रो लेन्स पूर्ण प्रमाणातही विषयापासून साधारण तेरा ते पंधरा सेंटीमीटर मागे राहते, तर ट्यूब लावलेली ५० मिमी लेन्स काही सेंटीमीटरवर येते आणि स्वतःचीच सावली पाडते. कीटकांसाठी हे अंतर निर्णायक ठरते. अळंबी मात्र जागची हलत नाही आणि सावलीवर पांढऱ्या कागदाचा परावर्तक पुरेसा असतो. शिवाय ५० मिमीच्या रुंद दृश्यकोनामुळे शेवाळ, पालापाचोळा आणि लाकूड चौकटीत येते, आणि ओळख पटवताना अळंबी कशावर उगवली होती हे कळणे मोलाचे असते.

ट्यूबची मोठी अडचण भर पावसातली आहे: दर बदलाला कॅमेरा उघडावा लागतो आणि दमट हवा आत शिरते, म्हणून ती गाडीतच जोडून निघावे. विजेचे संपर्कबिंदू नसलेली स्वस्त ट्यूब टाळावी, कारण आजच्या बहुतेक लेन्सचे छिद्र (प्रकाश आत येण्याची लहान-मोठी होणारी वाट) तिच्यामुळे नियंत्रित करता येत नाही.

एकास एक प्रमाणात एफ-८ या मध्यम छिद्राला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक मिलिमीटर असते आणि प्रकाश दोन स्टॉपने घटतो, म्हणजे एक चतुर्थांश उरतो. हे दोन्ही पर्यायांना सारखेच लागू आहे. त्यामुळे अनेक फोकसचे फोटो जोडणे आणि ट्रायपॉड अटळ ठरतात.

फुलपाखरे आणि बेडूकही टिपायचे असतील, तर मॅक्रो लेन्सच घ्यावी. केवळ अळंबीच टिपायची असेल, तर ट्यूब घेऊन उरलेले पैसे पाय पूर्ण पसरून जमिनीलगत बसणाऱ्या ट्रायपॉडवर खर्च करावेत, कारण छत्रीखालचे नाजूक पापुद्रे तेवढ्या खालूनच दिसतात.