एक ओळ रिकामी सोडलेलं एस्टिमेट

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कांजूरमार्गला एका टेम्पोने माझ्या सिल्व्हर वॅगन-आरची मागची डावी बाजू खरवडून काढली. मागचं दार आत गेलं, क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, चेपला, बंपर कोपऱ्यात फाटला. टेम्पोवाला पोरगा हात जोडून उभा. त्याच्याकडून काय वसूल करणार? गाडी चालत होती, म्हणून दोन दिवसांत तीन ठिकाणी दाखवून आले.

मी एका छापखान्यात हिशेब बघते. कोटेशनं आम्हीही देतो आणि 'ट्रान्सपोर्ट एक्स्ट्रा' ही ओळ तळाला बारीक अक्षरात टाकायची खोड आम्हालाही आहे. त्यामुळे कुणाचंही एस्टिमेट मी खालून वर वाचते.

पहिलं कंपनीच्या वर्कशॉपमधलं. एसी, कॉफी आणि दोन पानी प्रिंटआउट. नवं दार १३,८००, बंपर ४,२००, क्लिपा ६००, तीन पॅनलचं पेंटिंग १३,५००, लेबर ४,०००. ठळक अक्षरात बेरीज ३६,१००. तळाला 'जीएसटी वेगळा', म्हणजे बेचाळीस हजारांच्या वर. त्याखाली 'उघडल्यावर आढळलेलं नुकसान अतिरिक्त'. अतिरिक्त म्हणजे साधारण किती, विचारलं. "मॅडम, ते नंतर बघू." दोन वर्षांपूर्वी याच ओळीने माझे चौदा हजारांचे बावीस हजार केले होते.

"पण तुम्ही विम्याचा क्लेमच करा ना, तुमचं काय जातंय?" हे मात्र तिथे तीनदा ऐकलं. काय जातं ते घरी येऊन मांडलं. गाडीला सहा वर्षं झालीत, झिरो डेप (पार्टचा घसारा विमा कंपनीने सोसायचा तो जोड-विमा) नाही. म्हणजे पत्र्याच्या पार्टवर ४० टक्के घसारा आपल्या खिशातून, प्लॅस्टिकवर ५० टक्के. पेंटिंगच्या बिलातला चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याचे निम्मे आपल्या माथी. वर क्लेममागे सक्तीचे १,००० आपले. जीएसटी धरून माझ्या खिशातून बारा हजारांच्या पुढेमागे जाणारच होते. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. माझा ५० टक्के होता. क्लेम केला की शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं परत चढायचं. सूट नसती तर ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, प्रीमियम मला ६,००० च्या आसपास पडतो. पाच वर्षांतला फरक मांडला तर ७,५००. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, त्यामुळे थोडा कमी धरा. तरीही 'फुकट' दुरुस्ती एकोणीस-वीस हजारांना पडत होती.

दुसऱ्या एस्टिमेटबद्दल सांगण्यासारखं काही नाही. फोटो पाठवा म्हणाले, पाठवले, दहा मिनिटांत उत्तर आलं: 'थ्री पॅनल, २२,०००'. दार ठोकून काढणार की बदलणार, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

तिसरं भांडुपला एलबीएस मार्गावरचं गॅरेज. बाहेर तीन रिक्षा, आत पुट्टीचा वास. मालक आमच्या सासऱ्यांच्या गावाकडचे, मालवणी हेल. गाडीभोवती दोनदा फिरले, दार उघडून कडेवरून बोट फिरवलं, बंपरखाली वाकून मोबाइलचा उजेड मारला. "दार कशाला बदलता? कड शाबूत आहे, निघेल." मग बिलबुकावर लिहिलं: दार डेंटिंग ३,०००, क्वार्टर पॅनल २,०००, नवा बंपर २,४००, पेंटिंग २,८०० प्रमाणे तीन पॅनल ८,४००. एकूण १५,८००. आणि बेरजेच्या वर एक ओळ: 'आतला ब्रॅकेट, काचेची मशीन', पुढे आकडा नाही.

"हे किती?"

"उघडल्याशिवाय नाही सांगणार ताई. आता सांगितलं तर खोटं सांगेन. दोन हजारांच्या वर गेलं तर आधी फोन करेन."

गाडी तिथेच टाकली. ज्याने काय दिसत नाही ते नाव घेऊन सांगितलं, त्याचे दिसणारे आकडे मला खरे वाटले.

तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आले. ब्रॅकेट तुटलेला, काच वरखाली करणारी मशीन वाकलेली. ब्रॅकेट आणि क्लिपा ६५०, मशीन १,३००. शेवटचं बिल १७,७५०. जुनी मशीन आणि फाटका बंपर डिकीत ठेवून दिले होते, न मागता.

काम कसं आहे? घरच्या फ्रिजचं लोहचुंबक नेलं होतं. दारावर बहुतेक सगळीकडे चिकटलं, एका जागी जरा सैल. म्हणजे तिथे पुट्टी जाड आहे. मालकांनी कबूल केलं. सिल्व्हर मेटॅलिक जुळवणं अवघड. रंग मारायच्या गनचा कोन बदलला तरी शेड बदलते. म्हणून पुढच्या दारावर थोडा रंग उतरवून ब्लेंड केला, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. ट्यूबलाइटखाली काहीच कळत नाही. उन्हात, तिरकं बघितलं तर मला कळतं. नवऱ्याला अजून कळलेलं नाही.

दिवसांचा अंदाज मात्र साफ चुकला. चार सांगितले होते, लागले तेरा. दिवाळीत दोन दिवस बंद आणि लगेच पेंटर छठसाठी गावी गेला. हे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माहीत नव्हतं असं कसं म्हणू? ऐन भाऊबिजेला मुलुंडहून डोंबिवलीला लोकलने लोंबकळत गेले, फराळाचा डबा सांभाळत. तसं मी त्यांना ऐकवलंही. "दिवसांची ओळ पण रिकामी ठेवायला हवी होती," म्हणाले आणि हसले. मला त्या दिवशी हसू आलं नाही.

पक्कं बिल हवं असेल तर आधीच बोला. मला मिळालं ते बिलबुकाचं पान. महिन्याने बंपरची एक क्लिप सुटली, ती उभ्या उभ्या लावून दिली. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.