स्की-स्नोबोर्ड एसयूव्हीत कसं न्यायचं: छतावरचा बॉक्स की आत सीट पाडून?

दोघंच असाल तर मी सरळ आत ठेवा म्हणेन. मागची सीट ४०/२०/४० अशी तीन भागांत पडत असेल तर मधला भाग पाडून १७०-१८० सेंमीच्या स्की आरामात जातात आणि दोन्हीकडे माणसंही बसतात, पण ६०/४० अशी दोन भागांची असेल तर एक सीट गेलीच समजा, आणि स्नोबोर्डला तर रुंदीच जास्त लागते त्यामुळे तो त्या मधल्या फटीत सहसा बसत नाही. आत ठेवलंत तर पट्ट्याने बांधा हं, जोरात ब्रेक लागला की स्कीची धारदार कड थेट पुढे येते. आणि ओल्या सामानाने काचांवर वाफ धरते ते वेगळंच.

चौघं असाल तर बॉक्सच घ्या. छतावर स्की पकडणाऱ्या उघड्या क्लॅम्पवर, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ उडून स्कीच्या कडा गंजतात, बॉक्समध्ये तो त्रास नाही. पण छताची वजनमर्यादा मॅन्युअलमध्ये बघाच, बॉक्स आणि तो ज्यावर बसवतात त्या रॅकचं वजनही त्यातच धरायचं असतं, आणि ऑफ-रोडला ही मर्यादा बऱ्याच गाड्यांत अजून कमी असते. वर वजन चढलं की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, मग तिरक्या उतारावर गाडी झुकते ते लगेच जाणवतं, म्हणून बॉक्समध्ये फक्त स्की, बोर्ड आणि पोल (हातातल्या काठ्या), बाकी जड बॅगा खाली. स्कीचे बूट मात्र कायम आतच ठेवा, थंडीत त्यांचं प्लास्टिक इतकं कडक होतं की पाय घालताना जीव जातो.