स्क्रीन सोडून हाताने: जलरंग की तैलरंग?

घोडबंदरची मैत्रीण दिवसभर स्क्रीनवर चित्रं काढते. आता तिला सावकाश, मनाला येईल तसं रंगवायचंय. जलरंग स्वस्त वाटतात, पण पैसे कागदात जातात. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कॉटन कागद नसेल तर पाण्याने फुगून लाटा येतात. तैलरंगात कॅनव्हास, रंग पातळ करायला टर्पेंटाइन आणि वन बीएचकेत तो वास!

खरा फरक वेळेचा. जलरंग मिनिटांत वाळतो, चूक लपत नाही. जवसाच्या तेलातला रंग हवेतला ऑक्सिजन घेत सुकतो, म्हणून काही दिवस ओला राहतो. आज रंगवलेलं आकाश उद्या खरवडता येतं. पावसाळ्यात कागदाला बुरशीची धास्ती वेगळीच.

ठाण्याच्या तलावपाळीवर, तळ्याकाठी बसून काढायचं तर जलरंगच. घरात खिडकीजवळचा कोपरा आठवडाभर अडवता येत असेल, तर तैलरंग घे.