हरणाऱ्या कोचला ठेवायचं की नारळ द्यायचा?

अमेरिकेत मार्च आला की कॉलेज बास्केटबॉलमध्ये हा वाद ठरलेलाच.

'ठेवा' म्हणणारे हमखास ड्यूक विद्यापीठाचे कोच माइक शशेफ्स्की यांचा दाखला देतात. १९८१-८२ मध्ये १० विजय, १७ पराभव. पुढच्या वर्षी ११-१७. देणगीदार भडकले होते. क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी मात्र १९८४ च्या जानेवारीत त्यांच्यापुढे उलट नवा करारच ठेवला! पुढे पाच राष्ट्रीय विजेतेपदं आली.

'काढा' म्हणणाऱ्यांकडे जॉर्जटाउन विद्यापीठाचं उदाहरण आहे. पॅट्रिक युइंग तिथलेच, १९८४ च्या विजेत्या संघाचे हिरो. कोच म्हणून २०२१-२२ मध्ये बिग ईस्ट या कॉलेजांच्या गटातले साखळीतले १९ च्या १९ सामने हरले. तरी ठेवलं. पुढचा हंगाम ७-२५, आणि मार्च २०२३ मध्ये निरोप. घरच्या माणसाला काढायला जीव होत नाही, हे समजतं; पण एक वर्ष फुकट गेलं.

माझ्या मते नुसते आकडे पाहून फसायला होतं. ड्यूकच्या त्या ११-१७ च्या संघात जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बिलास पहिल्या वर्षाला होते. हीच पोरं १९८६ ला अंतिम सामन्यात खेळली. जॉर्जटाउनचा उंचापुरा सेंटर कुदुस वहाब २०२१ ला बिग ईस्टची स्पर्धा जिंकून लगेच मेरीलँड विद्यापीठात गेला (वर्षभराने परतला, ते सोडा). आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शिवाय आता खेळाडू पूर्वीसारखं एक वर्ष खेळाबाहेर न बसता कॉलेज बदलतात. आज डॉकिन्स ११-१७ नंतर थांबला असता का, मला शंकाच आहे.