घोडबंदरच्या सहाव्या मजल्यावरचं कॉम ताम

ठाण्यात एक बाई घरून व्हिएतनामी जेवणाचे डबे देते, त्याबद्दल हे. आधी भाव सांगते. पोर्क चॉपचं कॉम ताम, म्हणजे कणीच्या भाताचं ताट, ३८० रुपये, चिकनचं ३२०. कान चुआ, म्हणजे माशाचं आंबट सार, दोघांना पुरेल एवढं ४५०. बान्ह सेओ, म्हणजे तांदळाच्या पिठाचं घावन, दोन नग ३५०. 'चे' नावाचं गोड ९० रुपये वाटी. डिलिव्हरीचे वेगळे. एवढ्या पैशांत ठाण्यात दोन माणसं सुरमईची थाळी खाऊन उठतात, हे मला माहीत आहे. मीही खाते. पण सुरमईची थाळी दर दोन चौकांत एक मिळते आणि हे जेवण माझ्या माहितीत एकाच घरात मिळतं.

ते घर घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे. चालवणारी बाई मूळची कान थोची, म्हणजे मेकाँग नदीच्या खोऱ्यातली. नवरा डोंबिवलीचा. नाव आणि बिल्डिंग लिहायची नाही ही तिची अट, कारण फिश सॉसच्या वासाचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा निघून गेलाय. गुरुवारी रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर द्यायची, शनिवारी किंवा रविवारी दुपारी डबा. बसून खायची सोय नाही.

मी कपड्यांच्या एक्स्पोर्टमध्ये मर्चंडायझर. कामानिमित्त काही वर्षं सायगावात राहिले (पाटीवर हो ची मिन्ह सिटी, पण शहरातली माणसं बोलताना सायगावच म्हणतात), बिन्ह थान्ह भागातल्या एका गल्लीत. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, 'फो मिस करत असशील ना गं?' नाही करत. फो, म्हणजे रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया, मुळात उत्तरेचं, नाम दिन्ह आणि हनोईकडचं. सायगावात ते भरपूर मिळतं, चांगलंही मिळतं, पण माझी दुपार त्यावर गेली नाही. माझी दुपार गेली गल्लीच्या तोंडाशी, प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन, कॉम तामच्या ताटावर. आणि रविवारी घरमालकीणबाईंनी बोलावलं की कान चुआ, भात आणि मातीच्या भांड्यात आटवलेला मासा. आपल्याकडच्या कुठल्याही मेनूकार्डात हे सापडत नाही. मॉलमधल्या एका पॅन-एशियन रेस्टॉरंटात 'व्हिएतनामी' या सदराखाली मला जे वाढलं, ते फो नारळाच्या दुधातलं होतं आणि रोलसोबत बाटलीतली गोड लाल चटणी होती. थायलंडहून निघून मध्येच उतरलेलं जेवण. बिलावर सर्व्हिस चार्ज मात्र पूर्ण.

तर कॉम ताम. ताम म्हणजे आपली कणी. गिरणीत तुटलेला तांदूळ, एकेकाळी शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी स्वस्त म्हणून खाल्लेला, आज सायगावची ओळख. सकाळी सातलाही लोक हे खातात. कणीचा भात मोकळा पण किंचित दमट होतो, बारीक दाणे जिभेवर रव्यासारखे सुटतात आणि वरचा रस अख्ख्या तांदळापेक्षा जास्त पितात. हिने आधी आंबेमोहोर कणी वापरून पाहिली. ती चिकट होते आणि तिचा स्वतःचा वास फिश सॉसशी भांडतो, म्हणून आता कोलमची कणी. वाण्याने पाच किलो कणी बांधताना विचारलं म्हणे, 'कबुतरांना घालता का?'

भातावर काय येतं ते नीट सांगते, कारण पैसे त्याचेच आहेत. गवती चहा, लसूण, साखर आणि फिश सॉसमध्ये मुरवलेला पातळ चॉप. शेजारी बी, म्हणजे डुकराच्या शिजवलेल्या कातडीचे दोऱ्यासारखे काप, भाजलेल्या तांदळाच्या पिठीत घोळवलेले. ऐकून तोंड वाकडं करू नका, ही पिठीच ताटाला खमंगपणा देते. मग चा त्रुंग, अंडं, खिमा, काळी अळंबी आणि काचेसारख्या शेवया घालून वाफवलेली वडी, वर पिवळ्या बलकाचा थर. काकडी, टोमॅटो, गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं. आणि सगळ्यावर पातीच्या कांद्याचं तेल: हिरवी पात बारीक चिरून त्यावर कडकडीत तेल ओततात, पात चुरचुरते आणि हिरवीच राहते. डब्याचं झाकण उघडलं की पहिला वास याचा यायला हवा. येतो.

गवती चह्याचं एक सांगायला हवं. आपल्याकडे जुडी मिळते ती नुसत्या पात्यांची, चहात टाकायची. स्वयंपाकाला लागतो तो खालचा पांढरा कांदा आणि तो भाजीवाल्या कापून फेकतात. हिने जांभळी नाक्यावरच्या एका मावशींना पटवलंय, त्या आता बुडखा ठेवून जुडी आणतात. मीही त्यांच्याकडूनच घेते. मावशी पाच रुपये जास्त लावतात, वर 'मुळं कशाला खाता?' असंही विचारतात.

उणं काय? धूर. सायगावात चॉप कोळशावर भाजतात आणि पंखा लावून धूर रस्त्यावर सोडतात, तीच जाहिरात. सहाव्या मजल्यावर कोळसा पेटवला तर पुढच्या मीटिंगला विषय दुसरा निघेल. ती बिडाच्या तव्यावर भाजते. कडा छान करपतात, पण धुराची चव नाही ती नाहीच. चिकनच्या ताटात ही उणीव जास्त जाणवते, म्हणून पोर्क खात असाल तर पोर्कच घ्या.

आता वाटीतल्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या सॉसकडे वळते. न्योक चाम: फिश सॉस, साखर, लिंबू, पाणी, लसूण, मिरची. पाच मिनिटांचं काम आणि निम्म्या ठिकाणी चुकलेलं. लसूण-मिरचीचे कण वर तरंगत असले तर बनवणाऱ्याचा हात बसलाय असं माझ्या घरमालकीणबाई म्हणायच्या. इथे तरंगतात. ती दोन बाटल्या ठेवते. शिजवायला इथे मिळणारी थाई बाटली, आणि या वाटीसाठी फू कुओक बेटावरची, माहेरून कुणी आलं की येणारी. तिथे छोटी मासळी आणि मीठ साधारण तीनास एक असं लाकडाच्या अवाढव्य पिंपांत वर्षभर मुरवतात. बाटलीवर ४० असा आकडा असतो, तो नायट्रोजनचा, म्हणजे माशातलं प्रथिन किती उतरलंय त्याचा. युरोपियन युनियनने २०१२ साली फू कुओकच्या सॉसला नावाचं संरक्षण दिलं, ते उगीच नाही. बाटली संपली की ती मेसेजमध्ये स्पष्ट लिहिते, 'या आठवड्यात थाई सॉस.' हा प्रामाणिकपणा मला आवडतो. फरक कळतोही.

पण मला खरी चैन वाटली ती पाल्याची. परदेशात राहिलेला कुठलाही व्हिएतनामी माणूस आधी पाल्यासाठी हळहळतो आणि मग मांसासाठी. हिच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्यांची दाटी आहे. राउ राम, टोकदार पानांचं, पानावर गडद डाग, कोथिंबिरीपेक्षा तिखट. तिया तो, पान वरून हिरवं, खालून जांभळं. न्गो गाय, लांबट पानांची काटेरी कडांची कोथिंबीर. दीप का सुद्धा आहे, ज्याच्या पानाला माशाचा वास येतो. ते मी तिथेही बाजूला काढायचे, इथेही काढते. कान चुआ किंवा बान्ह सेओ मागवलं की ओल्या फडक्यात गुंडाळलेली मूठभर पानं येतात. पावसाळ्यात मूठ भरलेली, एप्रिल-मे मध्ये चार काड्या, कारण ग्रिल पश्चिमेला आहे आणि तिया तो जळून जातं. तेव्हा ऑर्डर द्यायचीच तर जून ते जानेवारी द्या. तिने मला राउ रामची एक फांदी दिली होती. पाण्याच्या ग्लासात ठेवली, मुळं फुटली, आता माझ्याकडेही कुंडी आहे.

कान चुआवरून घरात वाद झाला. हे मेकाँगकडचं माशाचं आंबट सार: चिंच, अननस, टोमॅटो, भेंडी, मोड आलेले मूग आणि अळूच्या जातीतल्या एका झाडाचे देठ, जे स्पंजासारखे रस पितात. तिथे मासा मरळ. इथे ती जिताडा घालते, मिळाला तर. माझी आई पेणची. पेणच्या माणसासमोर जिताड्याच्या सारात अननसाची फोड तरंगताना ठेवणं म्हणजे काय, ते रायगडवाल्यांना सांगायला नको. 'एवढा जिताडा आणला आणि फळं घातली?' इथून सुरुवात झाली. देठांबद्दल मात्र तिची तक्रार नव्हती. अळू आणि चिंच हे तिला पटलं, खाज येणार नाही एवढं तिने चाखून खात्री करून घेतली. मग गुपचूप दुसरी वाटी घेतली आणि अननस ताटाच्या कडेला ओळीने मांडून ठेवला. माझ्या मते अननसाशिवाय हे सार नुसतं आंबट होईल. आईच्या मते जिताड्याला सोबतच नको.

माझी हरकत वेगळी आहे. या सारावर शेवटी न्गो ओम पडतं, भातखाचरात उगवणारं, जिऱ्या-लिंबाच्या मधल्या वासाचं. त्याची कुंडी तिच्याकडे जगत नाही, म्हणून ती चिमूटभर भरडलेलं जिरं टाकते. तर्क बरोबर आहे, पण जिरं उकळत्या रसात पडलं की सार आपल्याकडचं होऊन जातं. मी आता 'जिरं नको' असं लिहून पाठवते. तुम्हीही पाठवा.

बान्ह सेओ म्हणजे हळद आणि नारळाचं दूध घातलेलं तांदळाच्या पिठाचं घावन, आत कोळंबी आणि मोड. घरी पोचेपर्यंत मऊ पडतं. तव्यावर पुन्हा कुरकुरीत करून घ्या, पानात गुंडाळून सॉसमध्ये बुडवून हाताने खा. काट्याचमच्याने खाणाऱ्यांनी मागवू नये.

फो आणि 'बान्ह मी', म्हणजे सारण भरलेला पाव, यादीत आहेत, लोक मागतात म्हणून. फो चिकनचं आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी, त्यामुळे गाई-बैलाच्या हाडांचा तो मूळ रस्सा इथे व्हायचा नाही. मसाला वेलची, दालचिनी, चक्रीफूल, भाजलेलं आलं-कांदा सगळं जागेवर आहे, पण घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर बसलेल्या फोचं काय होतं ते तुम्हीच समजा. कापूरबावडीच्या पलीकडे राहणाऱ्यांनी नाद सोडावा. बान्ह मीचं दुखणं पावाचं. फ्रेंचांनी आणलेला पाव सायगाववाल्यांनी इतका हलका केला की दाबला की पापुद्रा तडकून मांडीवर पडतो. इथल्या बेकरीचा पाव एकतर लादीसारखा मऊ नाहीतर ब्रूनसारखा कडक. आत कितीही जीव ओतला तरी चावताना सारण मागून बाहेर येतं. पैसे वाचवा.

शाकाहारी लोकांसाठी चांगली बातमी, आणि ही 'पनीर टाकून देऊ' छापाची नाही. व्हिएतनाममध्ये अनेक बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्या दिवशी साध्या खानावळींतही वेगळं ताट मिळतं. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य. ही परंपरा तिला घरातूनच आलेली, त्यामुळे टोमॅटोच्या रसातला टोफू आणि मशरूमचं बान्ह सेओ ती मन लावून करते. फिश सॉसऐवजी सोया सॉस, शहाळ्याचं पाणी आणि अननसाचा रस आटवून वाटी भरते. माझ्या जैन मैत्रिणीने मुळ्या-गाजराचं लोणचं तेवढं काढायला सांगून सगळं खाल्लं. ऑर्डर देताना 'चाय' (व्हिएतनामीत शाकाहारी) असा शब्द वापरा, नुसतं 'व्हेज' म्हटलंत तर ती दोनदा फोन करून विचारते की अंडं चालेल का.

चेमध्ये केळ्याचं घ्या. नारळाचं दूध, साबुदाणा, वर भाजलेल्या दाण्यांचा कूट. वेलची केळी शिजून विरघळतात म्हणून ती वसईची राजेळी शोधून आणते, फोड अखंड राहते. मुगाचं चे आपल्याला नवीन नाही.

तक्रारी दोन. वेळ कधीच पाळली जात नाही. एक सांगितलं की पावणेदोन धरा, आणि पाहुणे बोलावले असतील तर आधी काहीतरी खायला घाला. दुसरं, रस्सा स्टीलच्या डब्यात येतो आणि डब्यामागे २०० रुपये अनामत. डबा परत केला की पैसे वळते होतात, पण पुढच्या ऑर्डरमध्ये, हातात नाही.

जानेवारीत ती तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या ऑर्डरी घेते: केळीच्या पानात दोरीने घट्ट बांधलेले बान्ह तेत, आत चिकट तांदूळ, मुगाची डाळ आणि पोर्क, आणि सोबत शहाळ्याच्या पाण्यात शिजवलेलं पोर्क-अंडं. पानात बांधलेलं ते वळकट आठ-दहा तास उकळावं लागतं, गॅस आणि पातेलं एकच, त्यामुळे मोजकेच होतात. गेल्या वेळी यादी दोन दिवसांत भरली. चिकट तांदूळ पोटाला जड असतो, एक बान्ह तेत चौघांत पुरतो, एकट्यासाठी मागवू नका.