बायबल-अभ्यासात डॉक्टरेट: सेमिनरीची डी.टीएच. की विद्यापीठाची पीएच.डी.?

एम.टीएच. (ईश्वरविज्ञानातील पदव्युत्तर पदवी) पूर्ण करून मराठवाड्यात एखाद्या ख्रिस्ती मंडळीचे काम पाहणाऱ्या आणि आता डॉक्टरेटचा विचार करणाऱ्यापुढे साधारणपणे दोन वाटा असतात: सेरामपूरच्या सिनेटखाली, म्हणजे सेमिनऱ्यांना (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थांना) पदव्या देणाऱ्या मंडळाखाली, डी.टीएच. (ईश्वरविज्ञानातील डॉक्टरेट) करणे, किंवा जवळच्या राज्य विद्यापीठात तत्त्वज्ञान, इतिहास वा मराठी विभागात विषय बसवून पीएच.डी. करणे. मी दोन्हीकडच्या मार्गदर्शकांसमोर बसलो आणि अखेर पहिली वाट धरली.

विद्यापीठाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. घर, मंडळी आणि मुलांची शाळा सोडावी लागत नाही, प्रबंध मराठीत लिहिता येतो, आणि पुढे प्राध्यापकी करायची असेल तर पीएच.डी. म्हटल्यावर कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. पेट ही प्रवेश परीक्षा, कोर्स वर्क, दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती-अहवाल, ही चौकट ठरलेली आहे. एम.टीएच. समकक्ष धरायची की नाही यावर कागद काही काळ टेबलांवर फिरतात, पण तो त्रास एकदाच होतो.

माझा निर्णय झाला तो वेगळ्याच गोष्टीने. मला जुन्या करारातील आमोस या संदेष्ट्याच्या, मूळ हिब्रूत असलेल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायावर काम करायचे होते. एका नगरावर पाऊस पडतो, दुसऱ्यावर पडत नाही, एक शेत भिजते, दुसरे करपते, आणि दोन-तीन नगरांची माणसे पाण्यासाठी एकाच नगराकडे धडपडत जातात, हे तेथील वर्णन २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येताना पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. विद्यापीठाच्या विभागात विषयाचे मनापासून स्वागत झाले. मात्र प्रत्येक बैठक किती गावे घेणार आणि प्रश्नावली कशी असणार याकडेच वळत असे. सातव्या वचनात क्रियापदांची रूपे मध्येच बदलतात, त्यामुळे हा एकदा पडलेला दुष्काळ की पुन्हा पुन्हा येणारा, असा खरा प्रश्न उभा राहतो. त्यावरचे माझे विवेचन सर्वांनी आदराने ऐकले आणि जसेच्या तसे मान्य केले. हिब्रू वाचणारे कोणीच नसल्यामुळे ते साफ चुकीचे असते तरी मान्यच झाले असते, आणि हे मला फार खटकले.

सेमिनरीत त्याच वचनावर मार्गदर्शकांनी मला पहिल्याच परिच्छेदाला अडवले, हिब्रू संहितेच्या पाठभेद देणाऱ्या तळटीपा उघडल्या आणि प्राचीन ग्रीक भाषांतरात काय आहे ते आधी पाहून या, असे सांगितले. त्या दिवशी मन ठरले. याची किंमतही मोजावी लागते: घरापासून दूर राहणे, तुटपुंजी शिष्यवृत्ती, आणि प्रबंध इंग्रजीत लिहिणे, जे मला आजही सलते. ग्रंथालयाचा फरक मात्र वाटतो तेवढा नाही, कारण विद्यापीठात नाव घातले तरी चांगल्या भाष्यग्रंथांसाठी पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे १९८३ मध्ये यवतमाळहून हललेली, हीच आपल्याला त्यातल्या त्यात जवळ पडते.

विषय मराठी बायबलच्या भाषांतरांचा असेल, म्हणजे सेरामपूरला १८११ मध्ये छापलेल्या नव्या करारापासून पंडिता रमाबाईंपर्यंतचा, किंवा ख्रिस्ती धर्मप्रचारक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल या ख्रिस्ती वसाहतीचा, तर विद्यापीठच अधिक योग्य ठरावे, असे मला वाटते. मूळ संहितेवर काम करायचे असल्यास नोंदणीचे शुल्क भरण्यापूर्वी आपल्या उताऱ्याचे एक पान घेऊन नियोजित मार्गदर्शकांसमोर बसावे आणि ते आपल्याला कोठे थांबवतात, हे पाहावे.